न उसवणारी शिवण

दुपारी एक ते चार या वेळात राजकोटात कुणी मरायला टेकला तरी त्याला चार वाजेपर्यंत कळ काढावी लागते, अशी आमची आम्हीच चेष्टा करतो. जेवण होतं, वर ताक होतं, शटर अर्धं खाली येतं आणि अख्खं गाव आडवं होतं. गोंडल रोडवरच्या आमच्या गल्लीत त्या वेळी एकच आवाज चालू असायचा, वशरामभाई गोहेलांच्या शिलाई मशीनचा. माझं बॅटरीचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांनी दाताने दोरा तोडलेलाही मला ऐकू यायचा.

"वशरामभाई, देवाने दुपार कशासाठी केली?" मी पडल्या पडल्या ओरडायचो.

"बॅटरीवाल्यांसाठी, जयसुख. तुझी बॅटरी तू झोपलास तरी चार्ज होते. माझी शिवण मी झोपलो की झोपते."

हा माणूस मोटारींच्या सीटना कव्हरं शिवायचा. जन्मभर त्याने दुसरं काही केलं नाही आणि दुसरं काही करावंसं त्याला वाटलंही नाही. आजोबा गोंडलच्या दरबारी घोड्यांची खोगिरं शिवत. त्या घरात पोराला नीट चालता येण्याआधी एक वाक्य शिकवलं जायचं: खोगिराची शिवण सुटली तर स्वार गेला. पुढे घोडे गेले, घोडागाडीचे टप आले, मग रिक्षांची छतं, स्कूटरच्या सीटा आणि शेवटी मोटारी. वाक्य मात्र घरात तसंच राहिलं. त्यातला घोडा गेलाय याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

काम पुरं झालं की वशरामभाई गिऱ्हाइकाला जवळ बोलवायचे. सीटच्या कडेची शिवण दोन्ही मुठींत धरायचे, गुडघा टेकवायचे आणि मानेच्या शिरा वर येईपर्यंत ताणायचे. शिवण हूं की चूं करायची नाही. मग हात झटकून त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "उसवली तर परत आणा." कधी कुणी परत आणली नाही. मला ते ताणणं जरा नाटकी वाटायचं आणि मी तसं एकदा बोललोही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आजोबांना शिवी दिली होती.

आमच्याकडे नवी गाडी शोरूममधून निघते ती बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून, चाकाखाली लिंबू चिरडून, आणि तिथून थेट सीट कव्हरवाल्याकडे येते. कंपनीच्या सीटवर उघडं बसायचं म्हणजे नव्या साडीने ओटा पुसण्यातला प्रकार. आतली सीट कायम नवी राहिली पाहिजे. ती कुणी बघत नाही, पण आत ती नवी आहे या विचाराने आमच्या लोकांना गाडी चालवताना बरं वाटतं. पुढे गाडी विकायची वेळ आली की कव्हर काढून ती नवी सीट दाखवतात, घेणारा खूश होतो आणि त्याच दिवशी तिच्यावर नवं कव्हर घालून घेतो. म्हणजे त्या सीटवर आजवर कुणी बसलेलंच नसतं.

अलीकडे या सीटांच्या कडेला, दाराच्या बाजूने, एक चिमुकली कापडी पट्टी येऊ लागली होती. तिच्यावर इंग्रजीत काहीतरी विणलेलं असायचं. वशरामभाईंना ती डोळ्यासमोर नको असायची, कारण कव्हर चढवलं की तिथे फुगवटा यायचा. ते ती आत दुमडायचे आणि वरून रेक्झिन ताणून बसवायचे. चढता-उतरताना घासली जाणारी बाजू तीच, म्हणून तिथे तिहेरी टीप मारायचे.

"कंपनीचा छाप आहे," ते म्हणायचे. "झाकला म्हणून कंपनी थोडीच बदलते?"

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात त्या पट्टीविषयी पानभर मजकूर असतो. पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, आपल्या प्लास्टिकच्या पाकिटात, चिकटपट्टीसकट पडून राहतं. तेही नवं राहिलं पाहिजे ना.

त्यांच्या गिऱ्हाइकांत दमयंतीबेन तन्ना म्हणून एक बाई होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी घरीच खाकऱ्यांचा धंदा उभा केला, पन्नाशीनंतर गाडी शिकल्या आणि त्यानंतर त्यांनी गाडीच्या चाव्या कुणाच्या हाती दिल्या नाहीत. अंगाने ठेंगण्या, म्हणून स्टिअरिंगला अगदी चिकटून बसायच्या. त्यांचं हसणं असं, की त्या गल्लीच्या तोंडाशी हसल्या की मी आतून ओळखायचो, खाकरे आले. गाडीला त्यांनी वशरामभाईंकडून काळं कव्हर आणि त्याच्या कडांना दोरीसारखी लाल पायपिंग करून घेतली होती. ती पायपिंग वशरामभाईंच्या बायकोने, जमकुबेननी शिवलेली. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात जमकुबेन बसायच्या आणि पुढच्या अर्ध्या भागातल्या माणसावर लक्ष ठेवायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, खाकऱ्यांचे डबे पोचवून परत येताना, चौकात एका भरलेल्या टेम्पोने दमयंतीबेनच्या गाडीला उजव्या बाजूने ठोकलं. ड्रायव्हरचं दार पार आत आलं. बाईंनी पट्टा लावला होता, म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत. डोक्याला खरचटलंही नाही. उजव्या बाजूच्या बरगड्या मात्र मोडल्या आणि त्यातल्या एकीने फुप्फुसाला टोचलं. दवाखान्यात नळी घालावी लागली.

बाईंचा जीव वाचला हे कळलं आणि गल्लीने सुस्कारा सोडला. मग दुसरी बातमी आली. दार चेपलं, काचेचा चुरा झाला, सीट वाकडी झाली, पण वशरामभाईंच्या कव्हरचा एक टाकाही उसवला नव्हता. ही बातमी खुद्द दमयंतीबेनच पसरवत होत्या. भेटायला येईल त्याला पडल्या पडल्या सांगत होत्या.

"हाडं गेली माझी, पण त्या माणसाचा टाका गेला नाही! कव्हरनेच धरून ठेवलं हो मला, नाहीतर मी कुठे जाऊन पडले असते!"

एवढं बोलून त्यांना हसू यायचं आणि ते अर्ध्यातच तुटायचं. त्या बाजूला हात दाबून धरायच्या. डॉक्टरने हसायला बंदी घातली होती. त्या म्हणायच्या, जेवायला बंदी घातली असती तर परवडलं असतं.

बाईंच्या ओळखी अख्ख्या राजकोटात. आठवड्याभरात आमच्या गल्लीत गाड्या लागल्या. 'ती दमयंतीबेनवाली शिवण' पाहिजे, असं लोक सांगू लागले. वशरामभाई कुणाला काही बोलले नाहीत, पण शिवण ताणताना गुडघा जरा जास्तच ऐटीत टेकवू लागले होते.

दमयंतीबेनची गाडी हुसेनभाईंच्या गॅरेजमध्ये उभी होती, विम्याचा माणूस यायची वाट बघत. हुसेनभाईंनी मला निरोप धाडला, बॅटरी काढून ने. मी निघालो तर वशरामभाई म्हणाले, "थांब, मीही येतो. बघू तरी कशी टिकलीय."

गॅरेजमध्ये मी दाराला हात लावणार तोच हुसेनभाई खेकसले.

"आधी बॅटरीचं काळं टोक सोडव. मग चहा पी. चहा झाल्याशिवाय गाडीत डोकं घालायचं नाही."

"इतका मान कशाला या भंगाराला?"

"अरे, धक्का बाजूने बसलाय. समोरची एअरबॅग फुटलेलीच नाही, स्टिअरिंगमध्ये जिवंत बसलीय. तार काढली तरी थोडा वेळ तिच्यात करंट राहतो. स्टिअरिंगखालचा पिवळा प्लग तू खेचशील, आणि ती तुझ्या तोंडावर फुटेल. मग तुझं तोंड आहे त्याहून वाईट दिसेल."

चहा झाला. चहाबरोबर हुसेनभाईंनी गाठियाही मागवले आणि आम्ही तिघं त्या चेपलेल्या गाडीसमोर खात उभे राहिलो. छताच्या कडेने एक पांढरट कापड पडद्यासारखं लोंबत होतं.

"ही छतातली एअरबॅग," हुसेनभाई बोट दाखवून म्हणाले. "हिने डोकं वाचवलं. दाराच्या खांबात एक यंत्र असतं, त्याला धक्का कळतो. ते पिशवीमागच्या डबीला निरोप देतं, डबीतला गॅस सुटतो आणि पिशवी भरते. पापणी लवायच्या आत हा सगळा कारभार. माणूस दारावर आपटायच्या आत पिशवी मध्ये आली तर कामाची. नंतर आली तर ती रिकामी पिशवीच." त्यांनी कप खाली ठेवला. "पण एक कोडं आहे. या गाडीत बरगड्यांसाठी वेगळी पिशवी असते, सीटच्या कडेतून निघते. ती मला कुठे दिसत नाही."

वशरामभाईंचं लक्ष नव्हतं. ते ड्रायव्हरच्या सीटपाशी वाकले होते आणि आपल्या तिहेरी टिपेवरून अंगठा फिरवत होते. चेहऱ्यावर समाधान होतं. अंगठा खालून वर गेला, मग पाठीच्या बाजूला वळला आणि तिथे थांबला. रेक्झिनखाली काहीतरी होतं. सीटची पाठ मागच्या अंगाने फुगून आली होती. आपण ताणून बसवलेल्या कव्हरखाली बोटभर जागा नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

त्यांनी खिशातलं ब्लेड काढलं. हुसेनभाई म्हणाले, "विम्याचा माणूस अजून..." पण वशरामभाईंनी तोवर टीप उसवायला घेतली होती. स्वतःची शिवण उसवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. तिहेरी टीप लवकर सुटली नाही. सुटली तेव्हा आतून पांढरी भुकटी त्यांच्या हातावर सांडली आणि पाठोपाठ चुरगळलेलं कापड बाहेर आलं. पिशवी फुगली होती, सीटमधून निघालीही होती. रेक्झिनने वाट दिली नाही म्हणून ती आतल्या आत मागे सरकली होती आणि बाईंच्या पाठीमागे कोंबून बसली होती.

वशरामभाईंनी कव्हर आणखी मागे सारलं. खाली कंपनीच्या सीटची शिवण होती. ती वरपासून खालपर्यंत सरळ उसवलेली होती, एक टाका शिल्लक नव्हता. शेजारी ती कापडी पट्टी होती, त्यांनीच आत दुमडलेली.

"हुसेनभाई, हिला इथून बाहेर यायचं होतं?"

"हो."

"म्हणून कंपनीने इथे कच्चा दोरा घातलाय? मुद्दाम?"

"मुद्दाम. त्या पट्टीवर तेच तर लिहिलंय, इथे एअरबॅग आहे म्हणून." मग हुसेनभाईंना समोरच्या माणसाचं तोंड दिसलं असावं. "हे बघा, टेम्पो भरलेला होता. पिशवी वेळेवर आली असती तरी एखादी बरगडी गेलीच असती. नक्की कोण सांगणार?"

"किती गेल्या असत्या ते मला सांगता येणार नाही," वशरामभाई म्हणाले. "पिशवी का आली नाही ते येईल."

येताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. हाताची भुकटी त्यांनी पुसली नाही. माझ्या शर्टवर दोन दिवस त्यांच्या बोटांचे ठसे राहिले.

त्या दुपारी मशीन चाललं नाही आणि मला झोप लागली नाही. भिंतीपलीकडून जमकुबेनचा आवाज येत होता.

"अहो, बाहेर गाड्या लागल्यात आणि तुम्ही दोऱ्याकडे बघत काय बसलात? पत्रिका जुळवताय का त्याची?"

मग बराच वेळ वशरामभाईंचं खालच्या आवाजातलं बोलणं. गॅरेजमधलं सगळं त्यांनी सांगितलं असावं, कारण जमकुबेन पुढे जे बोलल्या त्यात टोमणा नव्हता.

"मग जाऊन सांगा त्यांना."

"जमकु, ती बाई गावभर माझं नाव घेतेय. सांगितलं तर नाव संपलं."

"संपतंय कुठे? त्याच बाईच्या तोंडी राहील. फक्त यापुढे शिव्यांसकट."

दमयंतीबेन घरी आल्या होत्या. वशरामभाईंनी मला बरोबर घेतलं, म्हणाले, माझे शब्द अडकले तर तू बोल. मी कशाला बोलतोय? पण गेलो. बाई झोपाळ्यावर उशांना टेकून बसल्या होत्या, झोपाळा हलू नये म्हणून त्याच्या कड्या बांधून ठेवलेल्या. आम्हाला पाहून त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली, "अगं, मला वाचवणारे आलेत, खाकरे आण!"

वशरामभाईंनी त्या कव्हरमधून कापून आणलेली, तिहेरी टीप शाबूत असलेली रेक्झिनची एक पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. सगळं सांगितलं. शब्द अडकले नाहीत. पिशवी कुठून यायची होती, ती कुठे गेली, का गेली. हुसेनभाईंचं ते 'नक्की कोण सांगणार' मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी सांगू का असं वाटलं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

बाईंनी पट्टी दोन्ही हातांत धरून हळूच ताणली. शिवण हलली नाही.

"म्हणजे इतके दिवस मी मोडक्या बरगड्यांनी तुमची जाहिरात करत होते?"

"हो, बेन."

"आणि हसता येत नाही मला, ते या टाक्यामुळे."

"हो."

खाकरे आले. कुणी हात लावला नाही. बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि त्या एकदम ताठ बसल्या, इतक्या की त्यांना कळ आली.

"माझ्या मावसबहिणीच्या सुनेने परवाच तुमच्याकडे कव्हर घातलंय. मीच पाठवली होती तिला. आठवा महिना आहे तिचा, रोज पुढच्या सीटवर बसून माहेरी जाते." त्यांनी मांडीवरची पट्टी वशरामभाईंच्या हातात कोंबली. "आधी ते उसवून या. तोपर्यंत मला तोंड दाखवू नका."

आम्ही तिथूनच गेलो. गाडी घराखाली उभी होती. त्या घरच्यांना वशरामभाईंनी काय सांगितलं ते मला धड आठवत नाही. गाडीच्या मालकाचं ओरडणं तेवढं आठवतं, "अहो, परवा तर घातलंय, एक सुरकुती नाही!" वशरामभाई ब्लेड चालवत होते आणि म्हणत होते, "तेच तर, तेच तर."

त्यानंतर त्यांनी दुकानाबाहेरच्या गाड्या परत पाठवल्या आणि जुनी गिऱ्हाइकं शोधायला लागले. नावं-पत्ते त्यांनी कधी लिहून ठेवले नव्हते. पण स्वतःची शिवण ते धावत्या गाडीत ओळखायचे, कोपऱ्यावर पायपिंग वळवायची जमकुबेनची एक खास रीत होती. संध्याकाळी ते कालावड रोडच्या सिग्नलवर जाऊन उभे राहायचे. गाड्या थांबल्या की आत वाकून बघायचे आणि काचेवर टकटक करायचे.

"काका, काही घ्यायचं नाही," माणूस काच खाली न करताच म्हणायचा.

"विकत नाहीये, बापा. उसवू द्या फक्त."

"काय उसवू द्या?"

तोवर सिग्नल सुटायचा. एकदा पोलिसाने धरलं, कारण सिग्नलवर हातात ब्लेड घेऊन गाड्यांत डोकावणारा म्हातारा त्याने आधी कधी पाहिला नव्हता. मला जाऊन सोडवून आणावं लागलं. सुटताना वशरामभाईंनी त्या पोलिसाला विचारलं, तुमच्या गाडीला कुणाचं कव्हर आहे?

काही लोक ऐकायचे, गाडी कडेला घ्यायचे. बरेचसे नाही. एवढी मजबूत शिवण कोण उसवू देणार? शिवाय वशरामभाईंची गाडी आता शिवणीवर थांबत नव्हती. हुसेनभाईंकडून कळेल ते सगळं ते सिग्नलच्या लाल दिव्यात बसवायचे. पोराला पुढच्या सीटवर मांडीत घेऊ नका, मागे बसवा. पट्टा लावा, पट्ट्याशिवाय ती पिशवी वैरीण आहे. डॅशबोर्डवर पिशवीचा दिवा लागला तर त्यावर काळी टेप लावू नका, गॅरेजला दाखवा. एकाच्या डॅशबोर्डवर संगमरवरी खोडियार माता चिकटवलेली होती. "माताजींना तिथून हलवा, त्यांच्या पायाखालून पिशवी उघडते, माताजी थेट तुमच्या बायकोच्या कपाळावर येतील," असं ते म्हणाले आणि त्या माणसाने खाली उतरून त्यांची गचांडी धरली.

गल्लीत दुसऱ्या टोकाला परसोत्तम म्हणून एकाने नवीन कव्हरचं दुकान टाकलं होतं. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "वशरामची शिवण वशराम स्वतःच उसवतो, लोकांना तसदी देत नाही." लोक हसायचे. मीही एकदा हसलो, विनोद बरा होता. पण गाड्या सगळ्या परसोत्तमकडे जाऊ लागल्या, आणि तो त्या कडेला चौपदरी टीप मारू लागला. त्याला सांगायला वशरामभाई दोनदा गेले. त्याने चहा पाजून परत पाठवलं.

दुकानात आता काम नव्हतं, तरी दुपारचा आवाज पुन्हा सुरू झाला. थोडा वेळ मशीन, मग टर्रकन् फाटल्याचा आवाज, मग पुन्हा मशीन. हुसेनभाईंकडून त्यांनी त्या मोडक्या सीटचा तुकडा मागून आणला होता. कंपनीचा दोरा कुठे बारीक होतो, टाके कुठे विरळ होतात, हे भिंग लावून बघत होते. अशा कामासाठी वेगळा कच्चा दोरा मिळतो असं कळल्यावर तो अहमदाबादहून मागवला. शिवायचं, ताणायचं, उसवायचं, परत शिवायचं. जमकुबेन म्हणायच्या, "जन्मभर शिकले ते विसरायला बसलेत." पण एका दुपारी वशरामभाईंनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. शिवण ताणून दाखवली. ती बरोब्बर हवी तिथे, वरपासून खालपर्यंत एका झटक्यात उसवली. किती दिवसांनी त्यांची मान ताठ दिसली. मला फार बरं वाटलं, हे सांगून टाकतो.

दिवाळीनंतर गल्लीच्या तोंडाशी एक नवी पांढरी गाडी आली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाला लिंबाची साल. दमयंतीबेन उतरल्या. मधल्या महिन्यांत त्या वशरामभाईंशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. परसोत्तम दुकानातून धावत बाहेर आला, "या, या बेन!" त्याच्याकडे न बघता त्या थेट इकडे आल्या.

"बेन, तुम्ही माझ्याकडे?" वशरामभाईंना उठायचंही सुचलं नाही.

"मग कुठे जाऊ? बाकी सगळे मजबूत शिवतात."

वशरामभाईंनी त्या कव्हरवर जीव ओतला. काळं रेक्झिन, लाल पायपिंग, कोपरे असे की बोट लावावंसं वाटावं. दाराच्या कडेला ती नवी कच्ची शिवण, बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही इतकी सफाईदार. पट्टी या वेळी बाहेर. गाडी द्यायच्या दिवशी मी, हुसेनभाई, जमकुबेन, सगळे उभे होतो. त्यांनी तशाच शिवणीचा एक नमुना दमयंतीबेनच्या हातात दिला आणि म्हणाले, "ताणा." बाईंनी ताणला. टर्रकन् उसवला. सवयीने वशरामभाईंचे हात झटकले गेले, आणि ते वाक्य तोंडाशी आलं, थोडं बदलून.

"बेन, वेळेला उसवली नाही तर परत आणा."

"नाही उसवली तर आणणार कोण, वशरामभाई?"

आणि दमयंतीबेन हसल्या. बाजूला हात गेला, पण हसणं तुटलं नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं. परसोत्तमने मान बाहेर काढली. हुसेनभाई हसले, जमकुबेन हसल्या, मीही हसलो.

वशरामभाई हसले नाहीत. ते हातातल्या उसवलेल्या तुकड्याकडे बघत होते.

"हुसेनभाई," त्यांनी विचारलं, "ही मी हाताने ताणून बघितलीय. पिशवी माझ्या हातापेक्षा किती घाईत येते?"

"त्याला माप नाही. तुम्ही मूठ वळेपर्यंत ती येऊन गेलेली असते."

"आणि मी पिशवीने ही उसवून बघितलेली नाही."

"ते घरी बघता येत नाही, वशरामभाई. ते कंपनीवाले बघतात."

वशरामभाईंनी खिशातून ब्लेड काढलं. आम्हाला काही कळायच्या आत दार उघडून ते वाकले आणि दाराकडची ती सगळी कड, नवी शिवण, सफाईदार टाके, सगळं कापून काढलं. आधी ड्रायव्हरच्या सीटची, मग शेजारच्या सीटची. कापलेल्या कडा मागे दुमडून त्यांनी हातानेच टाचल्या. कंपनीचं राखाडी कापड उघडं पडलं, त्यावरची कंपनीची शिवण दिसायला लागली.

जमकुबेनना राहवलं नाही. "अहो, उघडं दिसतंय ते. अर्धवट काम वाटतंय."

"दिसू दे."

त्यांनी काही ताणून दाखवलं नाही. दमयंतीबेनना दार उघडून दिलं आणि म्हणाले, "पट्टा लावा. आणि सीट मागे घ्या बघू, किती चिकटून बसता!" बाईंनी एरवी उलट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने सीट मागे सारली, पाय पोचतायत का बघितलं आणि गेल्या.

तेव्हापासून वशरामभाईंच्या प्रत्येक कव्हरला त्या बाजूला खिडकी असते. काम पूर्वीपेक्षा कमी आहे, पण आहे. दुपारी मशीन चालतं आणि मला झोप लागते. एवढ्या चांगल्या कारागिराने कड उघडी का ठेवली, असं गिऱ्हाइकं विचारतात. वशरामभाई त्यांना दमयंतीबेनच्या घरचा पत्ता देतात.